एक प्रश्न, अनेक विद्या
(आपल्या मुलींच्या शिक्षण-व्यवसायाविषयी पालकांशी व माजी विद्यार्थ्यांशी काही विचार)

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "पोरीला आता कोणती लाईन द्यायची?" या 'लाईन' शब्दात रेल्वेच्या रुळाची कल्पना दडलेली आहे. एकदा गाडी रुळावर चढली की ती ठरलेल्या स्थानकावर पोहोचते, मधे उतरावे लागत नाही आणि वाट चुकण्याची भीती उरत नाही. अध्यापनाची पदविका, परिचारिकेचे शिक्षण, पोलीस भरती, तलाठी परीक्षा या रुळांवरूनच आपली एक अख्खी पिढी गावकुसाबाहेरून शहराच्या पक्क्या घरांत आली. त्या रुळांना कमी लेखण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तशी इच्छाही नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत वसतिगृहातील मुलींशी बोलताना आम्हांला एक वेगळा सूर ऐकू येऊ लागला आहे. एखादीला जीवशास्त्र आवडते आणि हिशेबही आवडतो. दुसरीला शेतीचे शिक्षण घ्यायचे असते, पण नोकरीपेक्षा स्वतःचा उद्योग काढावासा वाटतो. तिसरीला कायदाही शिकायचा असतो आणि पाण्याचा प्रश्नही सोडवायचा असतो. अशा मुलीला आपण वडीलधारी माणसे पटकन म्हणतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ही म्हण कधी खरी ठरते आणि कधी खोटी, याचा शांतपणे विचार करण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

चिंध्या आणि गोधडी

अनेक विद्याशाखा एकत्र आणून केलेल्या कामाला आज 'आंतरविद्याशाखीय' असा भारदस्त शब्द वापरला जातो. त्याचा अर्थ मात्र आपल्या आया-आज्यांना चांगला ठाऊक आहे. जुन्या लुगड्याचे, सदऱ्याचे, चादरीचे तुकडे नुसते गाठोड्यात बांधून ठेवले तर त्या चिंध्याच राहतात. तेच तुकडे एका अस्तरावर मांडून एका दोऱ्याने शिवले की त्यांची गोधडी होते आणि थंडीत ती नव्या चादरीपेक्षा अधिक ऊब देते. अनेक विषयांच्या शिक्षणाचेही तसेच आहे. अस्तर म्हणजे एका विषयाचे पक्के ज्ञान आणि दोरा म्हणजे आपल्याला सोडवावासा वाटणारा एखादा खरा प्रश्न. या दोन्ही गोष्टी असतील तर अनेक विषय शिकणे हा भरकटण्याचा प्रकार ठरत नाही. त्यांपैकी एक जरी नसेल, तरी पालकांची धास्ती रास्त आहे असे आम्ही म्हणू.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातील भिंतीवर आहे. बाबासाहेबांनी 1912 साली मुंबई विद्यापीठाची पदवी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन मिळविली. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र असला तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही त्यांनी अध्ययन केले. जातिसंस्थेवरील त्यांचा गाजलेला निबंध 1916 साली वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी डी.एस्सी. मिळविली आणि बॅरिस्टरही झाले. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना सिंचन आणि वीज यांचा कारभारही त्यांच्याकडे होता, आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता. अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, पाणी, वीज : वरवर पाहता ही भाराभर विद्या. परंतु माणसाला माणूसपण नाकारणारी व्यवस्था कशी टिकते आणि ती कशी मोडता येईल, हा एकच दोरा त्या साऱ्यांतून आरपार गेलेला दिसतो. अर्थशास्त्राचे अस्तरही तितकेच भक्कम होते.

माणदेशातील बँक

बाबासाहेबांचे उदाहरण दिले की मुली मान डोलावतात आणि मनात म्हणतात, "ते बाबासाहेब होते." म्हणून आपल्याच राज्यातील, आपल्याच काळातील एक काम पाहू.

चेतना गाला-सिन्हा या मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या तरुणी. जयप्रकाशजींच्या चळवळीतून घडलेल्या. लग्नानंतर त्या सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी गावी राहायला गेल्या. तेथे लोहारकाम करून पोट भरणारी एक बाई त्यांच्याकडे तक्रार घेऊन आली. तिला रोजच्या कमाईतील थोडी रक्कम साठवायची होती, परंतु इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. तिचे मागणे कर्जाचे नव्हते, स्वतःचा पैसा सुरक्षित ठेवायला जागा हवी होती. येथून त्या कामाचा दोरा सुरू झाला.

महिलांची स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठविले होते. महिलांनी हार न मानता साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. वाचता येत नसले तरी हिशेब येतो, कोणत्याही रकमेचे व्याज विचारून पाहा, असे त्यांनी सांगितले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

या कामाला पुढे कोणकोणत्या विद्या लागल्या ते पाहण्यासारखे आहे. रोजंदारी बुडवून बाई बँकेत येऊ शकत नाही, म्हणून बँकच तिच्या दारी गेली. हा समाजशास्त्राचा धडा. पासबुक घरी नेले तर शिल्लक नवऱ्याला कळते आणि पैसा हातचा जातो, असे महिलांनी सांगितल्यावर पासबुकाऐवजी कार्डाचा विचार झाला, तो तंत्रज्ञानाचा भाग. नुसत्या कर्जाने धंदा उभा राहत नाही हे दिसल्यावर 2006 साली महिलांसाठी उद्योगशिक्षणाची शाळा सुरू झाली. 2008 साली स्वतःचे रेडिओ केंद्र आले. 2012-13 च्या दुष्काळात गुरांच्या छावणीचा भार उचलावा लागला, तेव्हा चारा, पाणी आणि पशुवैद्यक हेही विषय शिकावे लागले. 2018 साली दावोस येथील जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षपदी चेतनाताई बसल्या, तेव्हा त्यांच्यामागे अर्थशास्त्राच्या एका पदवीइतकीच म्हसवडच्या बायांनी विचारलेल्या प्रश्नांची शिदोरी होती. त्यांनी पाच विषयांच्या पाच पदव्या आधी मिळवून मग काम सुरू केले नाही. प्रश्न जसजसा उलगडत गेला तसतशी पुढची विद्या त्यांनी जवळ केली, किंवा ती विद्या येणारे माणूस जवळ केले.

कल्पना सरोज यांची वाट याहून वेगळी, आणि आपल्यापैकी अनेकांना अधिक जवळची. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेल्या कल्पनाताईंचा विवाह बालवयातच झाला. त्या संसारातील छळातून बाहेर पडून त्या पुन्हा मुंबईला आल्या आणि कपड्यांच्या कारखान्यात काम करू लागल्या. शिवणकाम, मग फर्निचर, मग बांधकाम अशा पायऱ्या चढत 2006 साली त्यांनी कर्जात बुडालेल्या कमानी ट्यूब्ज या कंपनीची सूत्रे हाती घेतली. धातूच्या नळ्या कशा बनतात याची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जाणकार माणसे जोडणे, बँकांशी बोलणी करणे आणि कामगारांचा विश्वास मिळविणे हे त्यांनी केले. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. नेतृत्व याचा एक अर्थ येथे स्पष्ट होतो : आपल्याला जे येत नाही ते न लपविता, ते येणाऱ्यांना एकत्र बसविणे.

तूर आपली, डाळ विकतची

आता ही गोष्ट आपल्या अंगणात आणू. समजा, वाशीम-यवतमाळकडील एका गावातील मुलगी आपल्या वसतिगृहात शिकते आहे. तिचे वडील दोन-तीन एकरांत सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतात. जानेवारीच्या सुमारास तूर निघते, पैशाची नड असते, म्हणून ती लगेच बाजार समितीत जाते. पावसाळ्यात त्याच घरात किराणा दुकानातून तुरीची डाळ विकत आणली जाते, ती कितीतरी चढ्या भावाने. मुलीच्या मनात प्रश्न येतो : तूर आपली, मग डाळ विकतची का?

हा प्रश्न साधा दिसतो, पण उत्तरासाठी किती विद्या लागतात ते मोजून पाहावे. तुरीचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असते. ती स्वच्छ करून, दाण्यांवर चरे पाडून, तेलाचा हात लावून, पाणी शिंपडून, उन्हात वाळवून मगच भरडावी लागते. हे झाले अन्नतंत्र. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी मिनी दालमिल विकसित केली आहे. ती चालविणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे, हे यंत्रज्ञान. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते आणि उरलेली चुनी जनावरांच्या खाद्याला जाते. चुनीचा पैसा धरला नाही तर सारा हिशेब चुकतो, हे लेखाशास्त्र. हंगामात तूर घेऊन ठेवायची आणि डाळ वर्षभर विकायची, तर मधल्या काळात पैसा अडकून पडतो. त्याला खेळते भांडवल म्हणतात आणि ते बँकेच्या व्यवहाराचे ज्ञान मागते. खाद्यपदार्थाच्या विक्रीसाठी नोंदणी लागते, पाकिटावर वजन, तारीख, पत्ता छापावा लागतो. हा कायदा आणि भाषा. आणि गावातील वीस बाया आपली तूर या मुलीच्या भरवशावर देतील का, हा प्रश्न नेतृत्वाचा.

या मुलीने कृषीची किंवा अन्नतंत्राची पदवी घेतली, सोबत हिशेबाचा एखादा अभ्यासक्रम केला आणि एक हंगाम चालू दालमिलवर काम केले, तर तिच्या शिक्षणाला कोणी चिंध्या म्हणू शकणार नाही.

अभ्यासक्रमांची बदललेली चौकट

पूर्वी कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या भिंती उंच होत्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्या बऱ्याच खाली आणल्या. पदवीच्या मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा दुय्यम विषय घेता येतो. या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशी रचना आहे. मिळविलेले श्रेयांक साठविण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक बँक आहे. 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने काही अटींवर एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यासही मुभा दिली आहे. मात्र प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक सोय असतेच असे नाही. प्रवेशापूर्वी तेथे जाऊन चौकशी करावी.

एक इशाराही देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. एका वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय ही अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. आपल्या समाजातील मुलीला "प्रमाणपत्र मिळाले ना, आता पुरे" असे सांगून घरी बसविण्यासाठी तिचा वापर होऊ नये. अस्तर पूर्ण झाल्याशिवाय शिवायला बसू नये.

जोखीम कोणाची?

येथे आम्ही पालकांच्या खऱ्या भीतीकडे येतो. ज्या घरात बापाची शेती, आजोबांचे दुकान आणि मामाची ओळख आहे, तेथील मुलीचा धंदा बुडाला तर तो अनुभव म्हणून गणला जातो. आपल्या घरातील मुलीचा धंदा बुडाला तर घर गहाण पडते, धाकट्या भावाचे शिक्षण थांबते आणि "मुलीला शिकवून काय मिळाले" असे म्हणायला गाव मोकळे होते. समान धाडसाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. हे न सांगता मुलींना नुसते "उद्योजिका व्हा" म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या भीतीवर उतारा शोधताना आम्हांला तथागतांनी गृहस्थांना केलेला उपदेश फार उपयोगी वाटतो. दीघजाणु नावाचा एक कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला आणि आम्हां संसारी माणसांना या लोकी सुखाने जगता येईल असे काही सांगा, अशी विनंती त्याने केली. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे शेती असो, व्यापार असो की राजाची चाकरी, त्या कामात कौशल्य आणि उद्योगशीलता. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे घामाने मिळविलेल्याचे रक्षण. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे शीलवान व जाणत्या माणसांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे आय आणि व्यय यांचा तोल राखून जगणे. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक संकटकाळासाठी राखून ठेवायचा. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, ही मर्यादाही भगवंतांनी घालून दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश उद्योगाला नाकारत नाही, त्याला शिस्त लावतो.

त्या शिस्तीचा आजचा अर्थ असा. पहिल्या पायरीला घर किंवा शेत गहाण ठेवू नये. नोकरी किंवा शिक्षण चालू असतानाच छोटा प्रयोग करावा, दालमिल विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दालमिलवर पाच पोती भरडून विकून पाहावीत. किती रकमेपर्यंत तोटा सोसायचा आणि त्यानंतर थांबायचे, हे घरातील सर्वांनी बसून आधीच ठरवावे. धंद्याचा गल्ला आणि घरखर्चाचा डबा वेगळा असावा. कर्ज घ्यायचे तर सावकाराच्या दारी जाण्याआधी मुद्रा योजना, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि त्या त्या वेळी चालू असलेल्या अनुसूचित जातींच्या व महिलांच्या योजना यांची चौकशी बँकेत व जिल्हा कार्यालयात करावी. विवाहाची बोलणी आली तर मुलीचे काम हा त्या बोलण्यांतील मुद्दा असावा, लग्नानंतर विचारू असे म्हणून तो बाजूला ठेवू नये.

वसतिगृह ही पहिली कार्यशाळा

नेतृत्व आणि उद्योजकता हे विषय पदवीच्या वर्गात सुरू होतात असा समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. भोजन समितीतील मुलगी सकाळी किती तांदूळ काढला आणि रात्री किती भात उरला, हे महिनाभर वहीत मांडते, तेव्हा ती संख्याशास्त्र शिकत असते. उरलेला भात कमी व्हावा म्हणून स्वयंपाकाच्या ताईंशी, वॉर्डनशी आणि रुसलेल्या मैत्रिणींशी ती बोलते, तेव्हा ती नेतृत्व शिकते. वाचलेल्या पैशांतून काय आणावे याचा प्रस्ताव लिहिते, तेव्हा ती उद्योगाचा आराखडा लिहायला शिकलेली असते. सकाळच्या ध्यानाने मनाला जी स्थिरता येते, ती पुढे तोट्याच्या वर्षात कामी येते. पालकांनी सुट्टीत मुलगी घरी आली की गुणांसोबत हेही विचारावे : "यंदा तू काय चालवलेस?"

कल्याणमित्रांना विनंती

दीघजाणूला सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तीन मुलीने आणि तिच्या घरच्यांनी करायच्या आहेत. कल्याणमित्तता ही मात्र एकटीने करता येत नाही. ज्या घरात मामाची ओळख नाही, तेथे समाजाने मामा व्हावे लागते. आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज बँकेतले अधिकारी आहेत, वकील आहेत, कृषी खात्यात काम करणारे आहेत, स्वतःची दुकाने आणि कारखाने चालविणारेही आहेत. प्रत्येकाने वर्षातून एका मुलीला चार भेटी द्याव्यात : एकदा तिचा प्रश्न ऐकण्यासाठी, एकदा तिचा हिशेब तपासण्यासाठी, एकदा तिला योग्य माणसाकडे घेऊन जाण्यासाठी आणि एकदा ती अडखळली असेल तेव्हा तिच्या घरी जाऊन वडिलांशी बोलण्यासाठी. देणगीपेक्षा या चौथ्या भेटीची आम्हांला अधिक गरज आहे.

निकालाच्या दिवशी लाईन जरूर विचारावी. पण त्याआधी मुलीला जवळ बसवून विचारावे, "बाई, तुला कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो?" उत्तर लगेच येणार नाही. आले की मग तिला कोणत्या विद्या लागतील आणि त्या कोठे मिळतील, हे आपण सर्वांनी मिळून शोधू.